घराचा चार्ज एकटीकडेच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नोकरी करणाऱ्या आईसाठी घर नीटनेटकं ठेवण्याच्या सूचना छापून आल्या होत्या. आरपार दिसणाऱ्या बरण्या, त्यांवर चिठ्ठ्या, फ्रिजवर आठवड्याच्या स्वयंपाकाचा तक्ता आणि सगळं घर उठायच्या आत स्वतःसाठी अर्धा तास. लेख आपुलकीने लिहिलेला होता. रात्रीच डबे आणि भाजी काढून ठेवावी ही त्यातली सूचना मी कित्येक वर्षं पाळते आणि तिचा उपयोग होतो. तरी लेख वाचल्यावर मी अस्वस्थ झाले, कारण त्यातली प्रत्येक सूचना आईलाच केलेली होती. बरण्या तिने आणायच्या, चिठ्ठ्या तिने लिहायच्या, तक्ता तिने करायचा, आणि तो अर्धा तास काढायचा तोही तिच्याच झोपेतून. पाळीची नोकरी करून दोन मुलं वाढवणारी बाई म्हणून मला यावर काही सांगायचं आहे. पत्र थोडं लांबेल, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

मी मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. या कामाला सोळा वर्षं झाली. राहायला सांगलीत, शामरावनगर भागात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आमच्याजवळ असतात.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या कॉलनीत पाणी शिरायला लागलं तेव्हा मी मिरजेत ड्युटीवर होते. मुलगी सात वर्षांची, मुलगा दोन. मिस्टर दोन्ही मुलांना आणि आईंना घेऊन विश्रामबागला नात्यातल्या एकांकडे निघणार होते. त्यांचा फोन आला. "कागदांची पिशवी कुठंय? बारक्याच्या दम्याचा पंप कुठं ठेवलाय? आईच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या, त्या पांढऱ्या का गुलाबी?"

मला सगळं माहीत होतं. कागद एका जागी नव्हते, तीन ठिकाणी होते: काही कपाटात साड्यांच्या खाली, काही दिवाणात, रेशनकार्ड देवघराच्या फळीवर. पंप माझ्या जुन्या पर्समध्ये. गोळ्या फ्रिजच्या दारात, पण पाकीट फाटलेलं म्हणून दुसऱ्याच औषधाच्या खोक्यात घातलेल्या. मी फोनवर एकेक सांगत होते, ते घोटाभर पाण्यात उभे राहून शोधत होते. मग फोन लागेनासा झाला. पंप सापडला. आईंच्या गोळ्या राहिल्या, दोन दिवस त्या गोळीशिवाय होत्या. दिवाणातले कागद गेले. त्यात मुलीचा जन्मदाखला होता आणि माझ्या डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका होत्या. पाणी ओसरल्यावर दिवाण उघडला तर कागदांचा लगदा झाला होता, बोट लावलं की सुटत होता. दुसऱ्या प्रती मिळवायला पुढचं अख्खं वर्ष गेलं.

मिस्टरांवर मी तेव्हा खूप चिडले. मनात आलं, शेकडो पोत्यांचा हिशेब ज्यांच्या तोंडावर असतो, कुठल्या शेतकऱ्याची हळद कुठल्या थप्पीला लागलीय ते जे न बघता सांगतात, त्यांना स्वतःच्या लेकराचं औषध सापडू नये? राग शांत झाल्यावर उत्तर माझं मलाच मिळालं. दुकानात पोत्यावर खूण असते, थप्पीला जागा असते, वहीत नोंद असते. घरात यातलं काहीच नव्हतं. घर माझ्या डोक्यात होतं आणि मी मिरजेत होते.

आमच्या लॅबमध्ये असं एक दिवस चालणार नाही. पाळी संपली की उठून घरी जाता येत नाही, चार्ज द्यावा लागतो. कुठले नमुने राहिलेत, कुठल्या वॉर्डला रिपोर्ट फोनवर कळवायचाय, कुठलं रसायन संपत आलंय, सेल काउंटर, म्हणजे रक्तपेशी मोजायचं मशीन, सकाळपासून कसा चाललाय, हे सगळं रजिस्टरात लिहून आणि तोंडी सांगून पुढच्या माणसाच्या हवाली करायचं, मगच चप्पल घालायची. नाव नसलेली ट्यूब आम्ही घेत नाही, मग ती कुणीही आणलेली असो. जुनी बाटली पुढे, नवी मागे. हे नियम मी सोळा वर्षं पाळतेय, आणि घरी मात्र माझा चार्ज मी कधी कुणाला दिला नव्हता. मागितलाही नव्हता कुणी, हेही तितकंच खरं.

पुरानंतर आम्ही जे केलं ते सांगते. खर्च फार नाही. एक लाल रेक्झिनची पिशवी घेतली. आधार, रेशनकार्ड, घराचे कागद, जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, गुणपत्रिका, विम्याची पॉलिसी, सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून त्या एका पिशवीत. पिशवी माळ्यावर, जिन्याच्या बाजूला, खिळ्याला टांगलेली. घरातल्या पाचही जणांना ती माहीत आहे. कागद बाहेर काढला तर त्याच रात्री परत, हा नियम. ज्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये मिळतात त्या मिस्टरांनी स्वतःच्या फोनवर उतरवून घेतल्या. त्यांच्याच फोनवर, हे मुद्दाम सांगते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा मुलीने सांगायच्या आधी पिशवी खाली काढून दारात ठेवली होती. नऊ वर्षांची होती.

औषधांचा एकच डबा केला. आईंच्या गोळ्यांवर मी मोठ्या अक्षरात "बीपी – सकाळी" असं लिहून चिकटवलं. संपायला आठ दिवस राहिले की पाकीट डब्याबाहेर टेबलावर ठेवायचं, जो बाजारात जाईल त्याने घेऊन यायचं.

स्वयंपाकघरात मी जवळजवळ काहीच बदललं नाही. मिसळणाच्या डब्याइतकी सोयीची वस्तू मला कुठल्या दुकानात दिसलेली नाही. सात वाट्या, एक झाकण, मोहरी कुठे आणि हळद कुठे हे पोरालाही कळतं. अडचण होती ती वरच्या फळीवरच्या डब्यांची. स्टीलचे एकसारखे नऊ डबे. कशात रवा, कशात पोहे, कशात वरीचे तांदूळ, ते मला आणि आईंनाच ठाऊक. त्यांवर चिठ्ठ्या लावायला आईंचा विरोध होता. "घर हाय का दुकान?" म्हणाल्या. मग मुलाने अक्षरं गिरवायच्या वयात कागदाच्या पट्ट्यांवर वाकड्यातिकड्या अक्षरांत र-वा, पो-हे असं लिहिलं, तेव्हा त्यांनीच खळ करून चिकटवल्या. आता माझी दुपारपाळी असली की मिस्टर मुलांना पोहे करून घालतात. पूर्वी करत नव्हते कारण पोहे शोधण्यापेक्षा बाहेरून वडापाव आणणं सोपं पडत होतं.

भिंतीवर कालनिर्णय आहेच. दुधाचे खाडे त्याच्यावर मांडायची पद्धत आमच्या आईंच्या काळापासूनची. आता त्याच चौकोनात गॅस लावल्याची तारीख, मुलांच्या परीक्षा, आईंची तपासणी आणि माझी ड्युटीची पाळी असते. माझ्या पाळीचं एकच अक्षर: स, दु किंवा रा. महिन्याचा ड्युटीचा तक्ता हातात आला की मुलगी लाल पेनाने भरून टाकते. "तू आज कधी येणार?" हा प्रश्न घरातून गेला. रविवारी दाण्याचं कूट आणि आलं-लसणाचं वाटण आठवड्यापुरतं होतं. शेंगदाणे भाजून मिस्टर देतात, सालं पाखडायला मुलं.

या सगळ्यात मला जड काय गेलं तर दुसऱ्याने केलेलं तसंच राहू देणं. मिस्टरांनी पहिल्यांदा मुलाचा डबा भरला तेव्हा चपातीला चटणी लावून गुंडाळी केली होती, भाजी नाही, काही नाही. मी दारातून परत येऊन डबा पुन्हा भरला. त्यांनी पाहिलं आणि पुढचे पंधरा दिवस डब्याला हात लावला नाही. लॅबमध्ये पहिल्या पाळीच्या माणसाने लावलेला रॅक मी उपसून परत लावत बसत नाही, काम बरोबर असलं की झालं. घरी मात्र टॉवेलची घडीसुद्धा माझ्याच पद्धतीची हवी होती. ही सवय सोडायला मला वर्ष लागलं. अजूनही कधी कधी हात शिवशिवतो.

मुलीच्या वेण्या हे दुसरं काम. शाळेत दोन वेण्या, वर रिबिनी. माझी सकाळपाळी सातला सुरू होते, म्हणजे सहालाच घर सोडावं लागतं. झोपलेल्या पोरीला साडेपाचला उठवून मी वेण्या घालायची आणि ती पुन्हा झोपायची, वेण्या चुरगळायच्या. मिस्टर वेणी शिकले. सुतळीच्या तीन पेडांवर हात बसवला. पहिल्या महिन्यात एक वेणी वर, एक खाली असायची. मुलीला लाज वाटली का, असं मी विचारलं तर म्हणाली, "बाबा ओढत नाहीत."

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दलही सांगायला हवं. मुलाच्या वर्गाचा ग्रुप होता, त्यात सगळ्या आयाच. रात्री साडेदहाला निरोप यायचा की उद्या हिरवं कापड आणि दोन रिकाम्या काडेपेट्या पाठवा. मी रात्रपाळीला असले तर तो निरोप मला सकाळी दिसणार आणि मूल वर्गात रिकाम्या हाताने उभं. बाबांचा नंबर घाला म्हणून मी दोनदा विनंती केली, तर "वडील कामात असतात" असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा मिस्टर स्वतः शाळेत गेले तेव्हा नंबर घातला गेला. आज त्या ग्रुपमध्ये सहा वडील आहेत. शाळांना माझी कळकळीची विनंती आहे, प्रवेशाच्या अर्जात दोघांचे नंबर असतात, दोघांनाही निरोप पाठवा.

आता लेखातल्या दुसऱ्या भागाकडे येते, स्वतःची काळजी. तिथे माझी चूक मोठी आहे. रोज सकाळी पेशंटचा पहिला नमुना लावायच्या आधी आम्ही मशीनला कंट्रोल, म्हणजे आकडे आधीच माहीत असलेला नमुना, लावून बघतो, आकडे बरोबर येतात ना ते पाहतो. मशीनची अशी रोज तपासणी करणाऱ्या मी स्वतःचं रक्त मुलाच्या बाळंतपणानंतर तपासलंच नव्हतं. जिना चढताना धाप लागायची, केस गळत होते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी यायची. वय झालं, झोप नाही, अशी कारणं मीच मला देत होते. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने बळेच हात धरून जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली आणि मशीनला लावली. हिमोग्लोबिन ८.४. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. दुसऱ्या कुणाचा असा रिपोर्ट असता तर मी लाल पेनाने गोल करून वॉर्डला फोन केला असता.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि कारण शोधायला पुढच्या तपासण्या सांगितल्या. मग विचारलं, "जेवता कधी आणि कसं?" मला नीट उत्तर देता आलं नाही. सकाळी उपाशीपोटी चहा. डबे भरून उरलेली भाजी, असेल तर. उभ्यानेच. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे असेल ते, आणि लगेच वर चहा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे मी पेशंटना सांगत आले होते. लिंबू पिळा, आवळा खा, म्हणजे लोह चांगलं शोषलं जातं, हेही सांगत आले होते.

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट बदलली. सगळ्यांची ताटं वाढतो तेव्हाच माझं आणि आईंचंही ताट वाढलं जातं. चपात्या आधी करून डब्यात, भाकरी असेल तर शेवटची भाकरी उतरली की गॅस बंद आणि सगळे एकदम बसतो. आईंना हे पटेना. पुरुषमाणसं आणि पोरं जेवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पहिल्या दिवशी ताटासमोर बसून त्या मला म्हणाल्या, "अगं, आमी कदी गरम खाल्लंच न्हाई बघ." त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मला मात्र पुढचा घास गिळायला वेळ लागला. नंतर त्यांचंही रक्त तपासलं, ९.१ होतं. दोघींना गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी माझं ११.२ आलं, आज १२.४ आहे. आईंचं सावकाश चढतंय.

गुरुवारचा उपवास मी सोडलेला नाही, श्रद्धेचा भाग आहे. पण साबुदाण्यात पिष्टापलीकडे फारसं काही नसतं म्हणून आता राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, शेंगदाणे आणि दोन खजूर घेते. चहा जेवणानंतर तासाभराने. ड्युटीवर पाण्याची बाटली टेबलावर ठेवते आणि ती रिकामी करते. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी न पिणाऱ्या बायकांच्या लघवीचे रिपोर्ट मी रोज बघते, त्यांत शिक्षिका असतात, दुकानांत उभ्याने काम करणाऱ्या मुली असतात. रविवारी सकाळी मुलीबरोबर आमराईत चालायला जाते, पाऊणेक तास. त्या वेळात घरी काय चाललंय ते विचारायला फोन करत नाही. पहाटे लवकर उठून स्वतःसाठी वेळ काढायचा सल्ला मी कुठल्याच आईला देणार नाही. तिची झोप आधीच कमी आहे. तो अर्धा तास घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसातून यायला हवा.

हे माझ्या एकटीच्या घरचं गाऱ्हाणं नाही म्हणून दोन आकडे देते. केंद्र सरकारच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत २०१९ साली स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली आणि पुरुषाची ८८. म्हणजे तिची दहा मिनिटं कमी झाली, पण ती त्याच्या वाट्याला गेली नाहीत, त्याचीही नऊ कमीच झाली. आणि यात ज्वारी संपत आलीय, उद्या हिरवं कापड हवंय, आईंची गोळी आणायचीय हे दिवसभर डोक्यात वागवण्याचा हिशेब कुठे धरला असेल असं मला वाटत नाही. दुसरा आकडा माझ्या कामाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के. सेल काउंटरसमोर बसून मला हे वेगळं वाचायची गरज पडत नाही.

मुलाला एकटीने सांभाळणाऱ्या, घरात दुसरं मोठं माणूस नसलेल्या कितीतरी जणी आहेत. माझ्याबरोबरच काम करतात. त्यांनी चार्ज कुणाला द्यायचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. लाल पिशवी, औषधाचा डबा आणि आपलंही ताट सगळ्यांबरोबर वाढणं एवढं त्यांनाही जमतं असं त्या सांगतात. त्यातली एक जण शेजारणीशी अदलाबदल करते, हिच्या पाळीला तिच्याकडे मुलं, तिच्या बाजाराला हिच्याकडे.

संपादक महाशय, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. असा लेख पुढच्या वेळी स्त्रियांच्या पुरवणीत न छापता मुख्य अंकात छापा, बाजारभावाच्या पानावर छापलात तर फारच चांगलं. आमचे मिस्टर आणि यार्डातली सगळी मंडळी ते पान रोज पहिल्यांदा उघडतात. दुसरी, सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये महापालिकेच्या कुठल्या दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून मिळतं, कुठल्या वारी आणि किती वाजेपर्यंत, याची यादी एकदा द्या. सकाळच्या वेळात जाणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळची सोय कुठे असेल तर तीही. ती यादी कापून मी आमच्या कॉलनीतल्या गिरणीत लावीन. दळणाला रांग असते, सगळ्या वाचतील.

आपली,
एक वाचक, शामरावनगर, सांगली
(आईंच्या आणि माझ्या तपासणीचे आकडे पत्रात असल्यामुळे नाव छापू नये, ही विनंती.)